पानी म्हणणारी

“पुन्हा म्हण, मावशी. पुन्हा. या वेळी जरा मोठ्याने.”

मोबाइल माझ्या तोंडापासून वीतभर लांब होता. मागे सोफ्यावर, खुर्च्यांवर, खाली सतरंजीवर बायका आणि त्यांची पोरं. हातात कागदी थाळ्या. भिंतीवर फुगे.

मी म्हटलं, “ठान्याच्या रानीनं लोनी आनि पानी आनलं.”

हशा फुटला. एकीच्या नाकातून सरबत आलं. दुसरी म्हणाली, “अय्या, कसली गोड आहे ही!” मी समोर उभी, आणि मी ‘ही’. एका पोराने माझ्यासारखं तोंड वाकडं करून “पानी, पानी” केलं. त्याच्या आईने त्याच्या पाठीवर थाप मारली. शाबासकीची थाप.

ज्यांच्या घरी हे चाललं होतं त्यांना मी ताई म्हणायची. नायगावच्या नव्या टॉवरमध्ये त्यांच्या घरी मी पोळ्या आणि भाकऱ्या करायची. त्या माझ्या लेकीच्या वयाच्या. मला मावशी म्हणायच्या आणि अगंतुगं करायच्या. त्या दिवशी त्यांच्या मुलीचा वाढदिवस होता.

“नीट ऐक,” त्या म्हणाल्या. “ठाण्याच्या. राणीने. लोणी. आणि. पाणी. आणलं. जीभ वर टाळूला लाव. सोप्पं आहे गं.”

मी जीभ टाळूला लावली. म्हातारीची जीभ, खालचे दात गेलेले. म्हटलं. परत तेच आलं. परत हशा.

पुढच्या वेळी कोणी सांगितलं नव्हतं. मीच म्हटलं. हात नाचवून म्हटलं. आणि त्यांच्यासोबत मीही हसले.

ते हसू मोबाइलात आहे. मी नंतर पाहिलं. मार चुकवायला कुत्रं शेपूट हलवतं आणि दात दाखवतं, तसं आहे ते.

मग मला केकचा तुकडा मिळाला. मी ओट्याशी उभी राहून खाल्ला. त्यावरचं पांढरं गोड टाळूला चिकटलं. जिथे माझी जीभ लागत नव्हती त्याच टाळूला. हे लिहितानाही तोंडात तो चिकटा येतो. थुंकावंसं वाटतं.

ही भीती त्या दिवशीची नव्हती.

मी मिठागरावर जन्मले, याच खाडीच्या काठी. बाप मीठ ओढायचा, आई टोपल्या वाहायची. आमच्यात पानीच म्हणतात. माझा बाप, आजा, आज्याचा बाप पानी म्हणाले, पानी प्यायले आणि मेले. कोणाचं काही अडलं नाही. गावात चौथीपर्यंत शाळा होती. गुरुजी बाहेरगावाहून यायचे. शाळेच्या ओसरीवर माठ असायचा, आणि गुरुजींचा नियम होता, जो पाणी म्हणेल त्याला पाणी. पानी म्हणणाऱ्याला नाही.

“तहानेने जिभेला वळण लागतं,” असं ते म्हणायचे.

मी माठासमोर उभी राहायची. मागे पोरं रांगेत. गुरुजी माठावरचं झाकण हातात धरून माझ्या तोंडाकडे बघायचे. मी म्हणायची. ते झाकण परत ठेवायचे. मागे पोरं हसायची, त्यांच्यातली निम्मी माझ्याच घरची बोली बोलणारी. आज आपली पाळी नाही याचं ते हसू. पाटीवर माझा ण सगळ्यांत सुबक होता. गुरुजी तो इतरांना दाखवायचे. पण पाटीवरच्या ण-ने पाणी मिळत नव्हतं.

आईला सांगितलं. ती टोपली उतरवून बसली होती, पाय मिठाने फुटलेले. ती म्हणाली, “मग मागतंस कशाला? घरी येऊन पी. तहानेनं कोन मरत नाय. हसन्यानं मरतं मानूस.”

तिने मायेने सांगितलं. तिलाही कोणीतरी असंच सांगितलं असणार. आमच्याकडे मुलींना कानात बाळ्या देतात, तशी ही भीती दिली जाते. लहानपणीच टोचायची, म्हणजे मोठेपणी दुखत नाही.

चौथीनंतर शाळा सुटली, भीती नाही सुटली. मी एका अक्षराला वळसा घालून जगले. वाटेत साप बसलेला असावा तशी. ‘आणते’ म्हणायचं नाही, ‘घेऊन येते’ म्हणायचं. ‘लोणी’ नाही, ‘मस्का’. ‘कोण’ नाही, नुसती हनुवटी वर करायची. ‘पाणी देऊ का’ नाही, ‘प्यायला काही देऊ का’. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय, तर मी दुखतं तिथे हात ठेवायची. नवरा म्हणायचा, तू बाहेर मुकी आणि घरात तोफ. खरंच होतं. घरात माझा आवाज चार घरं ऐकायचा. उंबरठ्याबाहेर मी खाली बघून चालणारी गरीब बाई. लोक म्हणायचे, किती शांत स्वभाव! कसला स्वभाव? भीती होती. भित्र्या बाईला शांत म्हणायची पद्धत आहे आपल्यात.

आता ते टॉवर जिथे उभे आहेत तिथल्या चिखलात मी लहानपणी चिंबोऱ्या धरल्या आहेत. चिंबोरीचा नांगा बोटात रुतला तरी मी भ्यायले नाही. त्याच जागी, नवव्या मजल्यावर, मी एका मोबाइलला भ्यायले.

वाढदिवसाला ताईंच्या मुलीच्या वर्गातली सगळी पोरं बोलावली होती. माझी नात वीणा त्याच वर्गात, तिसरीत. तिला बोलावलं नव्हतं. ताई एकदा म्हणाल्या होत्या, “आम्ही मुद्दाम मराठी शाळेत घातलं हिला. शुद्ध भाषा टिकली पाहिजे ना.” वीणाचं नाव माझ्या सुनेने हौसेने ठेवलं. मी तिला वीना म्हणते. ती ओ देते.

त्यानंतर काही दिवसांनी भर दुपारी शाळेतून फोन आला. सून वालीवच्या कारखान्यात, पोरगा कामावर, म्हणून मी गेले. उन्हाने रस्ता वितळत होता. वीणा ऑफिसातल्या बाकावर आडवी होती. ओठ पांढरे, सुकलेले. कपाळावर ओला रुमाल.

तिच्या बाई म्हणाल्या, “मैदानावर चक्कर आली. दिवसभर पाणी प्यायलेली दिसत नाही. बाटली रिकामी झाली तर मागायचं ना! शेजारीच फिल्टर आहे, फक्त विचारून जायचं असतं. पण ही हल्ली वर्गात तोंडच उघडत नाही. आजी, घरी तरी बोलते का ही?”

घरी ती बडबडून माझं डोकं उठवते. हे मी बाईंना सांगितलं नाही. नुसती मान हलवली. तिथेही मी मुकीच होते.

घरी आल्यावर पोर माठाशी बसली आणि पेल्यावर पेला प्यायली. गळ्यावरून ओघळलं, फ्रॉक भिजला. मी बघत होते. मग तिने तोंड पुसलं आणि विचारलं, “आजी, तू त्या मोबाइलमध्ये का हसत होतीस?”

मी म्हटलं, “कुठल्या मोबाइलमंदी?”

“शाळेच्या गेटवर एकीने आईच्या मोबाइलवर तुझा व्हिडिओ दाखवला. सगळ्यांकडे आहे तो. सगळे मला पानी म्हणतात. पानी आली. पानी गेली. पानी, बाजूला सरक.” ती रडत नव्हती. बातमी सांगावी तसं सांगत होती. “मला पाणी म्हणता येतं गं आजी. हे बघ, पाणी. पण तहान लागली की नाय येत. तहान लागली की पानीच येतं. म्हणून मग मी मागतच नाय.”

मला माठासमोर उभी असलेली मी दिसले. त्या काळची तहान अजून संपली नव्हती. माझ्या नातीच्या घशात येऊन बसली होती. तिला तर मी कधी सांगितलंही नव्हतं की मागू नको. तिने ते माझ्या हसण्यावरून वाचलं होतं.

मला ओकारी आली. खरीच आली. मोरीत गेले आणि नुसतं आंबट पाणी पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला गेले. का गेले, विचाराल तर सवय. बैल घाण्याकडे जातो तशी. परातीत पीठ घेतलं. टॉवरमध्ये त्या दिवशी टँकर आला नव्हता. नळ कोरडे. ताई स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत फोनवर बोलत होत्या, आवाज रडवेला.

“भैया, पानी कब आएगा? कल से पानी नहीं है. एक बूंद पानी नहीं है, भैया. प्लीज, पहले हमारे यहाँ पानी भेजो ना.”

माझे हात पिठात तसेच थांबले.

पानी. पानी. पानी. पानी.

स्पष्ट. माझ्या आईसारखं. जीभ टाळूपासून लांब, दाताजवळ, जिथे आमच्या सगळ्या पिढ्यांची जीभ लागते तिथे. मी बैठकीकडे बघितलं. ताईंची सासू सोफ्यावर माळ जपत बसली होती. ती हसली नाही. ताईंचे यजमान मोजे घालत होते. ते हसले नाहीत. फोनवरचा टँकरवाला हसला नसणार. कोणाच्या नाकातून सरबत आलं नाही.

मी आयुष्यभर एक शब्द दुरुस्त करायला बघत होते. तो होत नव्हता, कारण तो मोडलेलाच नव्हता. हसू शब्दाचं नव्हतंच. हसू तोंडाचं होतं. कोणाच्या तोंडातून आला एवढाच प्रश्न. त्यांच्या तोंडातून आला तर हिंदी. माझ्या तोंडातून आला तर अडाणी. गुरुजींनी मला तहानेने जे शिकवलं ते भाषा नव्हती. माठाचं झाकण कोणाच्या हातात आहे, ते शिकवलं.

एवढं साधं. आणि एवढ्या साध्यासाठी मी मुकी झाले. मला त्यांची किळस आली, त्याहून माझी आली, आणि त्याहून त्या शांत स्वभावाची.

फोन ठेवल्यावर ताई वळल्या. टँकर येणार असावा, कारण चेहरा खुलला होता. म्हणाल्या, “मावशी, आईंनी त्या दिवशी ऐकलं नव्हतं. जरा ती ठाण्याची राणी म्हणून दाखव ना.”

मी म्हटलं, “नाय म्हनत.”

“अगं, म्हण की. भाव खातेस होय?”

“नाय.”

भीती होतीच. खोटं कशाला लिहू? परातीची कड धरली होती मी.

ताई म्हणाल्या, “त्या दिवशी तर कशी नाचून म्हणालीस! तूच हसत होतीस सगळ्यांपेक्षा जास्त.”

“भ्यायले हुते, म्हनून हसले.”

“भ्यायलीस? आम्ही काय खातो का तुला?”

“ताई, तुमी आता फोनवर कोनाला पानी मागत होता?”

त्या म्हणाल्या, “अगं, ते हिंदी आहे.”

“मग मना पन हिंदीच येतं समजा.”

सासूबाईंची माळ थांबली. यजमानांनी एक मोजा घातला होता, दुसरा हातात होता. ताईंचं तोंड लाल झालं. “हे बघ, गंमत होती ती. सगळ्यांना किती आवडलं. तुझं कौतुकच झालं. आणि मी तुझ्या भल्यासाठीच सुधारते ना तुला? उद्या तुझी नात शिकेल, तिला लाज वाटेल अशी भाषा—”

“तिला लाज तुमी लावली,” मी म्हटलं. “मोबाइलातलं ते काढून टाका.”

“आता माझ्या हातात आहे का ते? सगळ्यांकडे गेलंय.”

हे मात्र खरं बोलल्या.

मी हात धुवायला नळ सोडला. नळ कोरडा. मग पिठाचेच हात पदराला पुसले आणि दाराकडे निघाले. मागून आवाज आला, “अगं, पीठ तसंच राहिलंय! मावशी! आणि हे काय, एवढ्याशा गोष्टीवरून?”

आयुष्यभर मला वाटायचं, आपण उलटून बोललो तर काहीतरी होईल. काय ते माहीत नव्हतं. आभाळ पडेल, नवरा मरेल, पोरांना हाकलून देतील, काहीतरी. मी लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट आली. मी खाली गेले. वॉचमन विड्याचं पान चघळत होता. टँकर फाटकातून आत शिरत होता. एवढंच झालं.

मी घरी गेले नाही. तशीच, पिठाच्या पदराने, शाळेत गेले.

तिसरीचा वर्ग भरलेला होता. वीणा मागच्या बाकावर, मान खाली. मी दारात उभी राहिले. बाई म्हणाल्या, “आजी, काय झालं?”

मी सगळ्या वर्गाकडे बघून म्हटलं, “माज्या नातीला पानी लागलं तर ती पानी मागल. तिला पानी द्यायचं.”

वर्ग हसला. पोरांचं हसू मोठ्यांपेक्षा वाईट असतं. ते थांबत नाही असं वाटतं. ताईंची मुलगीही हसत होती. तिला मी दोष देत नाही. तिला शिकवलेलं आहे. मला भ्यायला शिकवलं होतं, तसं तिला हसायला.

माझे पाय मागे फिरायला बघत होते. मी त्यांना फिरू दिलं नाही. नुसती उभी राहिले. हसले नाही, रडले नाही, खाली बघितलं नाही. वर पंखा कुरकुरत होता. हसणं चाललं, चाललं, मग विरळ झालं. एक पोरगा एकटाच हसत राहिला आणि मग त्यालाच कसंतरी वाटलं. मग नुसता पंखा.

हसणं संपतं. मला हे माहीतच नव्हतं. मी कधी तिथे थांबलेच नव्हते. दर वेळी हसू सुरू झालं की मी पळाले, नाहीतर त्यांच्यात मिसळून हसले. संपेपर्यंत उभं राहून कधी पाहिलं नव्हतं. आईनेही पाहिलं नसणार. नाहीतर ती म्हणाली नसती की हसण्याने माणूस मरतं.

मी परत म्हटलं, “पानी.”

या वेळी दोन-चारच हसले.

बाई जवळ आल्या, हळू आवाजात म्हणाल्या, “आजी, असं वर्गात येता येत नाही. मुख्याध्यापकांना भेटा तुम्ही.”

“भेटते. आदी तिला पानी द्या.”

बाईंनी माझ्या पदराकडे बघितलं, पिठाकडे. मग वळून म्हणाल्या, “वीणा, जा बाळ. पाणी पिऊन ये.”

वीणा उठली नाही. मान वर केली नाही. बाकाची कड नखाने खरवडत बसली.

वाचणाऱ्याला वाटत असेल की ती धावत येऊन मला बिलगली. नाही बिलगली. त्या दिवशी घरी येताना माझ्याशी बोलली पण नाही. म्हणाली तर एवढंच, “आजी, तू का आलीस वर्गात?” माझ्यामुळे तिला अजून चार दिवस चिडवलं असेल. भीती अशी एका सकाळी निघत नाही. माझी निघायला म्हातारपण आलं आणि तरी ती पूर्ण निघालेली नाही. पोस्टाच्या खिडकीशी अजून माझी जीभ जड होते. फरक एवढाच की आता मी वळसा घालत नाही. साप असेल तर असू दे. त्याच वाटेने जाते.

मुख्याध्यापकांना मी भेटले. ते म्हणाले, विचारूनच पाणी प्यायला जायची शिस्त आहे. मी म्हटलं, शिस्त राहू द्या, पण शब्द कुठला ते विचारू नका. ते म्हणाले, तसं कोणी विचारतच नाही, आजी. बरोबर. माझ्या गुरुजींनाही विचारलं असतं तर तेही हेच म्हणाले असते.

म्हणून मी आता एक काम करते. शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी जाते. तिथे आया असतात, रिक्षावाले असतात, ताईही असतात, गाडीत काच वर करून. पोरं बाहेर यायला लागली, वीणा दिसली की मी शिपायाला मोठ्याने सांगते, “भाऊ, पानी द्या.” तहान असो, नसो. तो आतून तांब्या घेऊन येतो. मी तिथेच, सगळ्यांसमोर, तोंड वर करून पिते. कोणी हसलं तर हसणं संपेपर्यंत पीत राहते. पदर भिजतो. वीणा लांब उभी राहून बघते. अजून जवळ येत नाही. मला घाई नाही. तिला तहानेत जो शब्द येतो त्याच शब्दाने ती पाणी मागेपर्यंत मी येत राहणार. शाळेने अडवलं तर फाटकाबाहेरून मागीन. शिपायाने दिलं नाही तर ताईंच्या गाडीच्या काचेवर टकटक करून मागीन.

हे लिहिताना जिथे ण हवा तिथे ण लिहिला आहे. हात कधी चुकला नव्हता. तोंडही चुकलं नव्हतं.

ती मोबाइलातली बाई तुमच्याकडे कोणी पाठवली असेल. हात नाचवणारी, दात दाखवणारी. ती मी आहे. खाडीकाठची, मिठागरावर जन्मलेली, चौथी शिकलेली म्हातारी. हे सगळं माझ्यावर गुदरलं आहे.